सावळा रंग हा आजार नव्हे

मुलगी वयात येऊ लागली की ‘रंग जरा उजळायला हवा’ हे वाक्य बऱ्याच घरांतून ऐकू येते. सावळ्या विठोबापुढे हात जोडणारे आपण लेकीच्या सावळेपणाला मात्र नावे ठेवतो. तिच्या मनातील न्यूनगंडाचे मूळ इथेच असते.

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यामुळे ठरतो. हेच द्रव्य उन्हातील अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते. पाम-बोईसर-तारापूरच्या उन्हात ते वरदानच होय.

रंग उजळण्याचा नाद महाग पडतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याचे २०२३ साली उघडकीस आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांचे क्रीम तपासले असता त्यात पारा आढळला. स्टिरॉइडयुक्त मलमांनीही त्वचा पातळ होते, मुरमे व चेहऱ्यावरची लव वाढते.

म्हणून घटक न छापलेले क्रीम वापरू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मलम लावू नये. असे क्रीम वापरणाऱ्याच्या अंगावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर लगेच तपासून घ्यावे.

पालकांनी ‘काळी’, ‘जाडी’ अशा हाका आजपासूनच बंद कराव्यात. बहिणीशी तुलना टाळावी आणि मुलीच्या कष्टांचे, गुणांचे तिच्यासमोर कौतुक करावे.