जुनी मोहर घेताय? आधी वजनकाटा, मग हौस

औरंगजेबाच्या काळात आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात मोहरा पाडल्या जात. त्यांवर शहराचं नाव फारसीत ‘खुजिस्ता बुनियाद’ असं असे. पुंडलिकनगरातल्या एखाद्याला अशी मोहर घरात असावी असं वाटलं, तर ती हौस मोलाची आहे. फक्त पैसे कशाचे मोजतोय, ते आधी समजून घ्या.

सोन्याचे किती?
हिशेबापुरता शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला 12,000 रुपये धरू. घेताना त्या दिवशीचा दर लावा.
- व्हेनिसची पुतळी, साधारण 3.5 ग्रॅम, जवळपास शुद्ध : 42,000
- ब्रिटिश गिनी, 7.98 ग्रॅम, 22 कॅरेट (शुद्ध सोनं 7.32) : 87,840
- मुघल मोहर, साधारण 11 ग्रॅम : सुमारे 1.30 लाख

प्रतीचे किती?
याच्या वरचे पैसे दुर्मिळतेचे आणि प्रतीचे. मुघल ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून टांकसाळीचं नाव अनेकदा अर्धवट उमटे. नाव पूर्ण आणि अक्षरं उठावदार असतील, तर जास्त मोजायला हरकत नाही. आता भिंग कडेवर फिरवा. कडीच्या डागाची खूण किंवा कानस मारलेली जागा दिसली, तर ते नाणं कधीकाळी दागिन्यात होतं. सोन्याच्या भावाच्या फार वर जाऊ नका. घरी आणल्यावर रिठा, चिंच, पॉलिश काहीही लावू नका. घासलेल्या नाण्याची प्रत परत येत नाही.

तपासणी
सराफाकडे कॅरेट मशीनवर तपासा, कसोटीवर घासू देऊ नका. गिनी दोऱ्याने पाण्यात टांगली की वजन सुमारे 0.45 ग्रॅमने कमी भरायला हवं. जास्त घटलं तर व्यवहार थांबवा.

नंतरचा खर्च
चोरी झाल्यास किंवा आग लागल्यास लॉकरबाबत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंतच असते. भाडं 2,000 असेल तर 2 लाख. त्यावरच्या रकमेचा विमा स्वतः काढा.

कायदा
2 लाख किंवा अधिक रक्कम रोखीने देऊ नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी नेता येत नाही. वजन, टांकसाळ आणि प्रत लिहिलेली पक्की पावती घ्या. ‘खोदकामात सापडलं, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा: बहुधा पितळ निघतं, आणि खरं असलं तरी 1878 च्या कायद्याने गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

पहिलं नाणं घेण्याआधी नाशिकजवळ अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय बघून या. खरी नाणी डोळ्यांत बसली, की दुकानात घाई होत नाही.