पान्हा कुठून येतो?



मध्यंतरी एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मॅडम, पारडू दगावलं. म्हैस पान्हाच सोडत नाही. शेजारी म्हणतात इंजेक्शन दे. कर्जाचा हप्ता तर दुधावरच आहे. देऊ का?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. दोन दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून त्यांना सांगितलं. तेच इथे लिहितेय.

पान्हा येतो तो हार्मोनमुळे. हार्मोन म्हणजे शरीरातल्या ग्रंथीने रक्तातून पाठवलेला निरोप. रक्त सगळीकडे फिरतं, पण ज्या अवयवासाठी निरोप आहे तोच तो ऐकतो. गावात दवंडी सगळ्यांच्या कानावर पडते, पण "बचतगटाच्या बायकांनी यावं" म्हटलं की आपणच उठतो ना, तसं.

पान्ह्याच्या हार्मोनचं नाव ऑक्सिटोसिन. पारडू ढुसण्या देतं, आपण कास धुतो, चरवी वाजते. मेंदूला हे कळतं आणि मेंदूखालची ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते. ते कासेत पोचलं की दुधाच्या बारीक पिशव्या आवळतात आणि दूध सडात उतरतं. हा जोर साधारण ५ ते ७ मिनिटंच टिकतो. जनावर घाबरलं तर दुसरं हार्मोन, अ‍ॅड्रेनॅलिन, आडवं येतं. आपण म्हणतो, म्हशीने दूध चोरलं. ती चोरत नाही, भ्यालेली असते.

मग इंजेक्शनने काय होतं? दूध वाढत नाही, आहे तेच खाली उतरतं. वरचेवर दिलं तर जनावराला सवय लागते, मग त्याशिवाय पान्हा येत नाही. दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

त्यापेक्षा हे करा:
• धारेची वेळ आणि माणूस बदलू नका.
• पुढ्यात आंबोण ठेवा.
• कोमट पाण्याने कास धुऊन हलक्या हाताने चोळा.
• आरडाओरडा, मारणं नको.
• पान्हा आला की मध्ये न थांबता धार काढा.
तरीही जमलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आणि ताईंनो, हेच हार्मोन आपल्यातही आहे. बाळंतपणाच्या कळा त्यानेच येतात, आईचं दूधही त्यानेच उतरतं. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घेतलं की गर्भाशय आवळतं, रक्तस्राव कमी व्हायला मदत होते. दवाखान्यात बाळंतपणानंतर रक्त जास्त जाऊ नये म्हणून हेच इंजेक्शन देतात, ते नाकारू नका. पण लवकर सुटका व्हावी म्हणून घरी कुणाकडून कळांचं इंजेक्शन घेऊ नका. गर्भाशय फाटून जीव जाऊ शकतो. आणि बाळंतिणीला "तुला दूधच नाही" असं टोचून बोलू नका. काळजीने, भीतीने तिचाही पान्हा अडतो.

त्या ताईंनी इंजेक्शन दिलं नाही. काही दिवस दूध कमीच निघालं. गटाने हप्त्याला पंधरा दिवसांची मुदत दिली. आता आंबोणाची पाटी दिसली की म्हैस पान्हावते.

पुढच्या बैठकीत बोलूया: आपल्या गावात इंजेक्शन कोण देतं? ते थांबवायला गट काय करू शकतो?