थोडक्या खर्चात मूषकनिवारण : क्रम महत्त्वाचा

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ ही म्हण आपण निष्फळ खटाटोपासाठी वापरतो. परंतु ज्यांच्या घरात उंदरांनी बस्तान बसविले आहे, त्यांचा अनुभव नेमका उलटा असतो. तेथे उंदीरच घर पोखरत असतो आणि त्याला काढण्यासाठी घरमालक पैशांचा डोंगर रिता करीत असतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न गृहअर्थशास्त्राच्या अंगाने पाहावयाचा आहे.

मदनमहालाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेला गढा हा आज जबलपूर शहराचाच एक भाग आहे. एके काळी हे गोंड राज्याचे मुख्य ठाणे होते. जबलपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कोणी नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आले, कोणी मध्यप्रांताच्या सरकारी नोकरीत, तर कोणी १९०४ साली सुरू झालेल्या तोफगाडी कारखान्यात. माझ्या आत्याचे सासर अशांपैकीच एक. तिचे घर दगड-मातीच्या भिंतींचे आणि कौलारू छपराचे, मागे मोरी व छोटेसे अंगण. चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू भरून ठेवण्याची त्या भागातील रीत तिने एकटी राहू लागल्यावरही सोडली नव्हती. गहू जुन्या लाकडी पेटीत असत आणि त्याच गव्हात, कापडी बटव्यात, तिची शिल्लक असे.

एका श्रावणात मी गेलो असता तिने पेटी उघडली. तळाशी अंगठा जाईल एवढे भोक पडलेले होते. बटव्याच्या जागी कागदाच्या चिंध्यांचे मऊ घरटे होते आणि त्यात चार गुलाबी पिल्ले होती. पाचशेच्या तेवीस नोटा कुरतडल्या गेल्या होत्या. आत्या पेटीशी खाली बसली. “अरे, बँकेत ठेव म्हणून तू दर वर्षी सांगायचास. आता मात्र काही बोलू नकोस,” एवढेच ती म्हणाली. त्या नोटांचे पुढे काय झाले, ते लेखाच्या शेवटी येईल.

आमची पहिली चूक

त्याच संध्याकाळी मी बाजारातून विषारी वड्या आणल्या व माळ्यावर टाकल्या. चार-पाच दिवसांनी छपरात कोठेतरी उंदीर मेला. दुर्गंधी आठवडाभर हटली नाही, आणि पंधरा दिवसांत नव्या लेंड्या दिसू लागल्या. आम्ही उंदीर मारला होता, पण त्याची वाट आणि त्याचे जेवण दोन्ही तसेच होते. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा आला, एवढेच. मूषकनिवारणाचा सारा धडा येथेच आहे. पाहणी, अन्नबंदी, वाटबंदी आणि मग सापळे हा क्रम होय. बहुतेक घरांत तो उलटा होतो, म्हणून खर्चही दर वर्षी नव्याने होतो.

शत्रूची ओळख

घरात वावरणारे सगळेच प्राणी एक नव्हेत. लहान घरउंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या व टोकदार असतात. मोठ्या उंदराच्या लेंड्या त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असतात. घूस अंगणात व मोरीच्या कडेला माती उकरून मोठी बिळे करते. चिचुंद्री तर उंदरांच्या जातीचीच नाही. लांब सोंडेसारख्या तोंडाचा हा प्राणी मुख्यतः किडे-झुरळे खातो. तिला मारण्यात पैसा व श्रम घालवू नयेत.

लहान उंदराची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची असते. एका वेळी साधारण पाच-सहा पिल्ले होतात आणि ती सहा-आठ आठवड्यांत स्वतः प्रजोत्पादनास सिद्ध होतात. मादी वर्षातून पाच ते दहा वेळा विते. बँकेच्या वाचकांस हे गणित परिचित आहे. ते चक्रवाढ व्याजाचे गणित होय. ठेवीवर ते आपल्या बाजूने चालते, येथे मात्र विरुद्ध बाजूने. म्हणून एक उंदीर दिसताच हालचाल करणे हीच मोठी बचत ठरते. एक उंदीर दिवसाला जेमतेम तीन ग्रॅम खातो, म्हणजे वर्षाला सुमारे एक किलो. पण दररोज पन्नासाहून अधिक लेंड्या टाकून तो त्याच्या कितीतरी पट धान्य निरुपयोगी करतो.

पहिली पायरी : पाहणी

येथे खर्च शून्य. रात्री भिंतीच्या कडेने पीठ किंवा पावडर पातळ भुरभुरावी. सकाळी पावलांच्या खुणा वाट दाखवितात. बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा हलकेच बसवावा. दुसऱ्या दिवशी तो बाहेर ढकललेला दिसला, तर बीळ वापरात आहे असे समजावे. भिंतीलगतचे तेलकट काळे पट्टे हीही नेहमीच्या येण्या-जाण्याची खूण होय. या सर्व जागा कागदावर घराचा साधा नकाशा काढून नोंदवाव्यात. आत्याच्या घरी अशा सात जागा निघाल्या आणि त्यांतील पाच मोरी व छप्पर यांच्या आसपास होत्या.

दुसरी पायरी : अन्नबंदी

धान्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत असावे. लाकूड व पातळ प्लॅस्टिक उंदीर सहज कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि कुरतडण्यानेच ते आटोक्यात राहतात. कोठी विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. रात्री उष्टी भांडी, देवापुढील नैवेद्य, पाळीव प्राण्यांचे खाणे व उघडा कचरा यांपैकी काहीही बाहेर राहू नये. रद्दी व जुने कपडे हे घरट्याचे साहित्य असल्याने माळा रिकामा करावा. अन्न मुबलक असलेल्या घरात सापळ्यातील आमिषाला उंदीर फारशी किंमत देत नाही, म्हणून ही पायरी सापळ्यांच्या आधी येते.

तिसरी पायरी : वाटबंदी

लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येऊ शकतो. शिसपेन्सिल जिथे जाते तिथे उंदीर जातो, ही कसोटी लक्षात ठेवावी. पेन्सिल हाती घेऊन घराबाहेरून एक फेरी मारावी. फटी व भोके भांडी घासण्याच्या तारेच्या घासणीने घट्ट भरून वर सिमेंट-वाळूचा लेप द्यावा. नुसता बोळा, थर्मोकोल किंवा फोम टिकत नाही. मोरीच्या व सांडपाण्याच्या तोंडांना पाव इंची लोखंडी जाळी बसवावी. दाराखालच्या फटीस पत्र्याची पट्टी ठोकावी. वीज, पाणी व स्वयंपाकाच्या गॅसच्या नळ्या भिंतीतून आत येतात त्या जागा विशेष तपासाव्यात. कौलारू घरात भिंत व छपराचा सांधा हा राजमार्ग असतो. छपराला टेकलेल्या झाडांच्या फांद्याही छाटाव्यात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते व शेतातले उंदीर घरांकडे वळतात, म्हणून हे काम मृगाच्या आधी उरकावे.

चौथी पायरी : सापळे

आता घरात अडकलेले उरतात. त्यांच्यासाठी लाकडी चाप स्वस्त व परिणामकारक असतो. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच धावतो. लहान उंदराचा वावर घरट्यापासून काही मीटरपुरताच असतो. म्हणून एक चाप महिनाभर फिरविण्यापेक्षा पाच-सहा चाप एकाच रात्री, दोन-तीन मीटर अंतराने लावावेत. भाजलेले खोबरे किंवा शेंगदाणा दोऱ्याने बांधावा, म्हणजे आमिष अलगद पळविता येत नाही. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी चाप तीन-चार दिवस न ओढता, नुसते आमिष घालून ठेवावा आणि मग ओढावा. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी चाप ठेवू नये.

ज्यांना जीव घेणे नकोसे वाटते त्यांनी पिंजरा वापरावा, पण तो वेळच्या वेळी तपासावा. पकडलेला उंदीर शेजाऱ्याच्या अंगणात सोडणे हे निवारण नव्हे. चिकट फलकावर प्राणी तासन्‌तास तडफडतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने त्याविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत, म्हणून तो टाळावा.

विषाविषयी सावधान

वड्यांच्या स्वरूपातील ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही व काही दिवसांनी मृत्यू येतो. उंदीर कोठे मरेल हे आपल्या हाती राहत नाही, आणि विष खाल्लेला उंदीर मांजराच्या किंवा घुबडाच्या पोटात गेल्यास त्यांनाही बाधा होऊ शकते. काळी पूड म्हणून मिळणारे झिंक फॉस्फाइड व पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यांवर खात्रीचा उतारा नाही. गव्हात ठेवल्या जाणाऱ्या सल्फासच्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात आणूच नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू झोपलेल्या माणसांचे प्राण घेऊ शकतो. विष चुकून पोटात गेल्यास घरगुती उपाय न करता वेष्टनासह तत्काळ रुग्णालय गाठावे.

आवाजाच्या लहरींनी उंदीर पळविणाऱ्या यंत्रांवरही पैसे घालवू नयेत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना दाव्यांचा पुरावा नसल्याबद्दल इशारा दिला होता. कापूर व पुदिन्याच्या तेलाचा परिणामही वास उडाला की संपतो.

आरोग्याचा प्रश्न

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा उंदीर व माणूस यांच्यातील दुवा कोणास ठाऊक नव्हता. तो दुवा म्हणजे उंदरावरील पिसू, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले. आज अधिक भीती लेप्टोस्पायरोसिसची आहे. उंदराच्या मूत्राने दूषित पाणी जखमेतून शरीरात शिरते आणि हा ताप येतो. मुंबईत २००५ च्या महापुरानंतर त्याची मोठी साथ आली होती. म्हणून लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांचे मिश्रण शिंपडावे, पाच मिनिटे थांबावे व मग कागदाने पुसून घ्यावे. बाजारातून आणलेले डबाबंद खाद्य व पेये यांचे डबे धुऊनच उघडावेत.

खर्चाचा ताळेबंद

आत्याच्या घरी झालेला खर्च पुढीलप्रमाणे होता. भाव गावोगावी बदलतील, प्रमाण मात्र फारसे बदलणार नाही.

सिमेंट व वाळू : १०० रुपये
तारेच्या सहा घासण्या : ९० रुपये
लोखंडी जाळी : १५० रुपये
दाराखालची पट्टी : १२० रुपये
सहा चाप : ३०० रुपये
ब्लीच : ६० रुपये
एकूण : ८२० रुपये

पत्र्याची कोठी घरात पडून होती, ती कल्हईवाल्याकडून डागून घेतली. या यादीत वाटबंदीवरचे ४६० रुपये ही गुंतवणूक आहे. ती एकदाच करावी लागते. केवळ विषावर होणारा खर्च हा हप्ता आहे, तो कधी फिटत नाही.

कुरतडलेल्या नोटांचे काय?

रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियमांनुसार (२००९, सुधारणा २०१८) फाटक्या नोटेचे मूल्य तिच्या सर्वांत मोठ्या अखंड तुकड्याच्या क्षेत्रफळावर ठरते. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा असा तुकडा निम्म्याहून अधिक असल्यास पूर्ण रक्कम मिळते. पन्नास व त्यावरील नोटेचा तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असल्यास पूर्ण, ४० ते ८० टक्के असल्यास निम्मी आणि त्याहून लहान असल्यास काहीही मिळत नाही. थोड्या नोटा कोणत्याही बँकेच्या शाखेत देता येतात. संख्या व रक्कम मोठी असल्यास करन्सी चेस्ट असलेल्या शाखेकडे जावे लागते. निरनिराळ्या नोटांचे तुकडे चिकटवून एक नोट बनवू नये. अशी नोट नाकारली जाते.

आत्याच्या तेवीस नोटांपैकी नऊंचे पूर्ण मूल्य मिळाले, आठांचे निम्मे, आणि सहा नोटांचे काहीच नाही. ११,५०० रुपयांपैकी ६,५०० परत आले व ५,००० गेले. ८२० रुपयांचे काम आधी झाले असते, तर ते वाचले असते. बटव्यातली रक्कम खात्यात असती, तर उंदरांनी गहू नेले असते, शिल्लक नव्हे.

ते ६,५०० रुपये आत्याने त्याच दिवशी बचत खात्यात भरले. पेटी मोडून तिच्या फळ्यांची फुलझाडांसाठी चौकट केली. पुढच्या श्रावणात मी गेलो तेव्हा तिने माझ्या हातात शिसपेन्सिल दिली. “घे, घराभोवती एक फेरी मारून ये,” ती म्हणाली, “मग चहा.” वाचकहो, पावसाळ्यापूर्वी आपणही ही फेरी अवश्य मारावी. तिला पैसा लागत नाही.