कर्ज, घर आणि मनाची शांती



‘पैशाने सुख विकत घेता येत नाही’ हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. ज्याच्या कणगीत भात असतो, तोच बहुधा ते म्हणतो. पावसाळ्यात जिचे छप्पर गळते, त्या माऊलीला विचारा, नवे पत्रे बसले तर सुख होईल की नाही.

मेक्सिकोतील कोआविला राज्यात सरकारने 2000 सालापासून गरिबांच्या घरातील मातीची जमीन सिमेंटची करून दिली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, त्या घरांतील मुलांना जंतांचा त्रास कमी झाला आणि त्यांच्या आयांचे नैराश्य व ताण उतरून त्या अधिक समाधानी झाल्या. मिळकत वाढली नव्हती, फक्त पायाखालची जमीन बदलली होती. तेव्हा गरजेपुरत्या पैशाला तुच्छ लेखू नये. नीतिसूत्रांच्या 30व्या अध्यायातील भक्तही दारिद्र्य व श्रीमंती ही दोन्ही टोके टाळून रोजच्या गरजेपुरतेच मागतो.

मात्र मिळकत किती, यापेक्षा डोक्यावर देणे किती, ही गोष्ट मनाला जास्त पोखरते. तामिळनाडूतील 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात. तोडणीआधी वस्तू गहाण पडतात, उधारी वाढते. तोडणीनंतर हात मोकळा होतो. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळा बुद्धीची कोडी घातली, तेव्हा तोडणीआधी ती त्यांना कमी जमली. माणूस तोच, डोके तेच. पण डोक्यातली बरीच जागा चिंतेने अडवलेली. कर्जात बुडालेला बाप पोरांवर खेकसतो, तेव्हा त्याच्या स्वभावाला नावे ठेवण्याआधी हे आठवावे.

कर्ज आनंद कसा गिळते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. तलासरी-डहाणूकडे वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उचलत आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. आयुष्यातला आनंदाचा दिवस आणि गुलामीचा पहिला दिवस एकच! 1945 साली गोदावरी व शामराव परुळेकर यांनी किसान सभेतर्फे उभारलेल्या लढ्याने ही वेठ मोडली. (त्यांचा पक्ष कोणाला पटो वा न पटो, हे काम मोठेच.) त्याआधी वसईत दुसरा मार्ग निघाला होता. सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्यांना सोडविण्यासाठी 1918 साली मॉन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी सहकारी पतपेढी सुरू केली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली.

व्याजाचा हिशेब आजही बदललेला नाही. समजा, लग्नासाठी 3 लाख रुपये शेकडा 2 रुपये महिना व्याजाने घेतले. दरमहा 6 हजार रुपये नुसते व्याज. पाच वर्षांत 3 लाख 60 हजार रुपये भरूनही मुद्दल जागच्या जागी. सफाळ्याहून पहाटेची लोकल धरणाऱ्याच्या किंवा तारापूरला पाळीत काम करणाऱ्याच्या पगारातून हे जायचे. मंडप, बँड, व्हिडिओ आणि वाढती जेवणावळ यांतले किती खरोखर नवदांपत्यासाठी असते आणि किती ‘लोक काय म्हणतील’ यासाठी, हे ज्याचे त्याने पाहावे. आजारपणाचे कर्ज वेगळे, ते कोणाला चुकत नाही.

लग्नाची तारीख ठरवायला बसाल, तेव्हा पाहुण्यांच्या यादीशेजारी आणखी एक कागद ठेवा. एकूण खर्च किती, हाती किती, कमी पडणारी रक्कम कोणाकडून, किती टक्क्यांनी आणि कधीपर्यंत फेडणार, एवढे त्यावर लिहा. पतपेढीचा दर विचारून तोही शेजारी मांडा. मग तो कागद वधू-वरांना दाखवा, कारण हप्ते बहुधा त्यांच्याच संसारातून जातात.