लाखोळीच्या विषाची आकृती

विद्यार्थिमित्रहो, रसायनशास्त्राच्या वहीत रेणूची आकृती काढताना एखादी रेघ इकडची तिकडे झाली तर काय बिघडते, असे पुष्कळांस वाटते. त्याचे उत्तर आम्ही एका डाळीच्या आधारे देणार आहोत.

आपल्या मध्य प्रदेशात जिला तिवडा व विदर्भात लाखोळी म्हणतात, ती डाळ अवर्षणातही पिकते. म्हणून दुष्काळात गरिबांस तिचाच आधार असे. परंतु महिनेच्या महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत. रीवा व सतना जिल्ह्यांतील कित्येक शेतमजूर असे जन्माचे पांगळे झाले. १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा या संशोधकांनी या विषाची रचना प्रसिद्ध केली. ते एक बदललेले अ‍ॅमिनो आम्ल निघाले.

आता पेन्सिल घ्या. तीन कर्ब एका ओळीत मांडून रेघांनी जोडा. उजव्या कर्बावर आम्लगट काढा. मधल्या कर्बाला एक हायड्रोजन व एक अ‍ॅमिनोगट, म्हणजे एक नत्र व त्याचे दोन हायड्रोजन, जोडा. डाव्या कर्बाला तीन हायड्रोजन द्या. हे अ‍ॅलानिन, आपल्या शरीरातील प्रथिनांचा एक साधा घटक. आता डावीकडील एक हायड्रोजन पुसून तेथे दुसरा अ‍ॅमिनोगट लिहा. या नव्या गटातील एक हायड्रोजन काढून त्या जागी दोन कर्बांची साखळी जोडा: नत्रालगतच्या कर्बावर दुहेरी रेघेने प्राणवायू, टोकाचा कर्ब आम्लगटाचा. प्रत्येक कर्बाच्या चार व नत्राच्या तीन रेघा मोजून पाहा. लाखोळीचे विष कागदावर उतरले!

शेजारी ग्लुटामिक आम्ल काढा. त्यातही पाच कर्ब आणि दोन्ही टोकांस आम्लगट. हे आम्ल मज्जापेशींमधील निरोप्या आहे. विषाची ठेवण त्याच्यासारखी असल्याने पेशी फसतात, अतिउत्तेजित होतात व अखेर निकामी होतात.

तीच दोन कर्बांची साखळी मधल्या कर्बाच्या नत्रावर जोडली, तर अणूंची संख्या तीच राहते. पण तो पदार्थ फारच कमी विषारी असतो. ‘रस’ आणि ‘सर’ यांत अक्षरे तीच, अर्थ मात्र वेगळे; तसेच हे.

आकृती उपायही सुचविते. दोन आम्लगटांमुळे हे विष पाण्यात विरघळते. म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिल्यास विषाचा बराच भाग निघून जातो. रचना कळल्यामुळे दाण्यातील विष मोजता येऊ लागले आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘महातिवडा’ हे अल्पविषारी वाण काढले.

तेव्हा मुलांनो, रेघ ओढण्यापूर्वी ती कोणत्या अणूपासून निघून कोठे पोहोचते, हे पाहत जा. त्या एका जागेवर माणसाचे चालणे अवलंबून असू शकते.