जुनी व्हॅन आणि पेट्रोलचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात एका रात्री आजाऱ्याला बांबोळीला नेत असता आमची जुनी व्हॅन पर्वरीच्या चढावर बंद पडली. काटा पाव टाकी दाखवीत होता. आम्ही त्यावर विसंबलो, ही चूक आमचीच. मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने आजाऱ्याला पुढे नेले. टाकीत पेट्रोल थोडे असले की चढावर ते एका बाजूला सरते आणि नळीत हवा शिरते, हे त्या रात्री शिकलो.

पेडणे-डिचोलीहून शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भाजी आणणाऱ्या पुष्कळांकडे अजून मारुती ओम्नी आहे. ही गाडी १९८४ साली आली आणि २०१९ साली बनायची थांबली. म्हणजे सगळ्याच आता वयस्क. अशा गाडीत काट्यापेक्षा वही बरी. टाकी पूर्ण भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी. मधले अंतर १६८ किलोमीटर आणि पेट्रोल १४ लिटर लागले, तर लिटरला १२ पडले. टाकी ३५ लिटरांची असली तरी शेवटचे ५ लिटर हिशेबात धरू नयेत. उरलेल्या ३० लिटरांत ३६० किलोमीटर, तेही सपाटीवर. भेंडी-दोडक्यांच्या टोपल्या भरून घाटी चढताना आकडा उतरतोच.

“पेट्रोल पूर्वीसारखे पुरत नाही,” असे लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी. म्हणून शंभराला सहा-सात किलोमीटरचा फरक पडू शकतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे अर्धी टाकी घेऊन गाडी उभी ठेवली, तर पाणी तळाशी बसून इंजिन अडखळते. जुन्या रबरी नळ्याही मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. चिरलेली नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

बाकी उपाय साधे आहेत. टायरांची हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात असते. मऊ टायर पेट्रोल खातो. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत लवकर भरतो. टपावरचा रिकामा कॅरियर काढून ठेवावा. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकण्याची सवय मात्र आमच्याकडच्या चांगल्या चालकांतही आहे, आणि ती सुटता सुटत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. उताराला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडू नका. चार पैसे वाचतील, पण भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर आवरत नाही. गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर इंजिनच गाडी धरते. नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत त्या वेळी पेट्रोलही जवळजवळ बंद होते.

पेट्रोलचा डबा गाडीत माणसांबरोबर नेऊ नये. त्यापेक्षा गुरुवारी संध्याकाळीच टाकी भरून घ्यावी.