तुळई कशी मोडते?

शाळेंतील लांकडी पट्टी दोन पुस्तकांवर आडवी टेकवून मध्यें बोटानें दाबली, तर ती लागलीच लवते. तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबून पाहा. बोट दुखेल, पण पट्टी लवणार नाहीं. लांकूड तेंच, वजन तेंच. मग हें बळ आलें कोठून? एखाद्या जुन्या सुतारास हा प्रश्न विचारला तर तो हंसेल. तुळईची रुंद बाजू उभी ठेवावी, हें त्याचा आजाही जाणत होता. परंतु अमुक मापाची तुळई किती भार सोसील, हें आधीं हिशेब करून सांगणें मात्र चारशें वर्षांपूर्वीं जगांतील कोणाही कारागिरास शक्य नव्हतें. जें एकदां टिकलें, तेंच पुनः करावयाचें, ही त्या काळची रीत.

ह्या प्रश्नास गणिताच्या वाटेस लावण्याचा मान इटलींतील गॅलिलिओ याचा. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते ह्या मताबद्दल १६३३ सालीं रोम येथील धर्मन्यायसभेनें त्यास दोषी ठरविलें, व पुढें आर्चेत्री येथील घरांत त्यास नजरकैदेंत राहावें लागलें. धर्माच्या नांवानें घडलेली ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांस भूषणावह नाहीं, आणि ती झांकण्यांतही अर्थ नाहीं. त्या कैदेंत, दृष्टि जात चालली असतां, म्हाताऱ्यानें एक ग्रंथ पुरा केला. १६३८ सालीं तो हॉलंडांतील लायडन शहरीं छापला गेला. त्यांत दोन नवीं शास्त्रें सांगितलीं आहेत: एक गतीचें, व दुसरें पदार्थ कसे तुटतात ह्याचें.

ग्रंथांतील एक गोष्ट मोठी मौजेची आहे. संगमरवरी दगडाचा एक मोठा खांब दोन्ही टोंकांखालीं आधार देऊन आडवा ठेविला होता. तो मध्येंच मोडेल ह्या भीतीनें एका कारागिरानें मध्यभागीं तिसरा आधार दिला. सर्वांस ती युक्ति पटली. कांहीं महिन्यांनीं खांब मोडला, आणि तो बरोबर त्या नव्या आधारावर! टोंकाचा एक आधार कुजून खचला होता, मधला मात्र घट्ट राहिला. त्यामुळें खांबाचें अर्धें अंग अधांतरीं लोंबकळलें.

गॅलिलिओनें भिंतींत रोंवलेल्या व मोकळ्या टोंकास वजन टांगलेल्या तुळईचा विचार केला. तुळईचें बळ रुंदीच्या प्रमाणांत, परंतु उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें त्यानें दाखविलें. ४ इंच व ८ इंच बाजूंची तुळई उभी ठेविली तर ४ × ८ × ८ म्हणजे २५६. आडवी ठेविली तर ८ × ४ × ४ म्हणजे १२८. उभी दुप्पट बळकट. सुताराच्या आज्यास ठाऊक असलेलें सत्य प्रथमच आंकड्यांत उतरलें.

पण त्याच हिशेबांत एक मोठी चूक होती. मोडतांना तुळईचा सगळा छेद सारखाच ताणला जातो व ती खालच्या कडेवर फिरते, असें त्यानें धरलें. लांकूड सरळ ओढून तोडण्यास किती जोर लागतो ह्यावरून त्याच्या रीतीनें तुळईचें बळ काढलें, तर तें आजच्या साध्या सूत्रानें येणाऱ्या बळाच्या तिप्पट येतें. म्हणजे तीन मण सोसील असा हिशेब, आणि भरंवसा मात्र एका मणाचा!

खरा प्रकार काय, तें खोडरबरावर पाहावें. त्याच्या बाजूस जवळजवळ उभ्या रेघा ओढा आणि रबर वांकवा. बाहेरच्या अंगास रेघा फांकतात, आंतल्या अंगास जवळ येतात, व मधोमध त्यांचें अंतर पहिल्याइतकेंच राहतें. एक अंग ताणलें जातें, दुसरें दाबलें जातें, आणि मधला थर दोन्हींतून सुटतो. इतकी साधी गोष्ट! तरी ती गणितांत नीट बसावयास जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. ताण जितका, वाढ तितकी, हा नियम इंग्लंडांत हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. फ्रान्समध्यें मारिओत यानें प्रयोग करून गॅलिलिओचे आंकडे फार मोठे येतात हें ताडलें. मार्टिनिक बेटावर किल्ल्याचें बांधकाम करून परतलेला लष्करी इंजिनिअर कुलोम्ब यानें १७७३ सालीं पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें ताण व दाब ह्यांचा मेळ घालून दाखविला. आणि १८२६ सालीं नाव्ये याच्या पुस्तकानें हें ज्ञान इंजिनिअरांच्या हातीं आलें.

परंतु पुस्तकांत आलेलें ज्ञान पुलांत उतरेलच असें नाहीं. आगगाड्या सुरू झाल्या तेव्हां पुलांस बिडाच्या तुळया घालीत. बीड खडूसारखें ठिसूळ. दाब पुष्कळ सोसतें, ताण फार थोडा. दोन टोंकांवर टेकलेल्या तुळईचें खालचें अंग तर ताणांतच असतें. म्हणून खालची पट्टी वरच्या पट्टीच्या सुमारें सहापट मोठी असावी, असें हॉजकिन्सन यानें प्रयोगांनीं ठरविलें होतें. चेस्टर येथें डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सन ह्या नामांकित इंजिनिअरानें ९८ फूट लांबीच्या बिडाच्या तुळया घातल्या. प्रत्येक तुळई तीन तुकडे जोडून केलेली. मदतीस घडीव लोखंडाच्या पट्ट्या होत्या. पण त्या तुळईलाच जोडलेल्या असल्यामुळें त्यांचा खरा आधार थोडाच होता. १८४७ सालच्या मे महिन्याच्या २४ तारखेस पुलावरील लांकडास आग लागूं नये म्हणून वर खडी पसरली. भार वाढला. त्याच सायंकाळीं गाडी जात असतां तुळई मोडली. इंजिन कसेंबसें पैलतीरास पोहोंचलें. मागचे डबे नदींत कोसळले. पांच माणसें मेलीं.

गाडी रुळांवरून घसरून तुळईवर आदळली असावी, असें स्टीफन्सनचें म्हणणें. सरकारी तपासनिसांस तें पटलें नाहीं. पुढें नेमलेल्या चौकशीमंडळानें धांवत्या भाराचे व पुनः पुनः पडणाऱ्या भाराचे प्रयोग करून १८४९ सालीं अहवाल दिला. हे दोन्ही प्रश्न नाव्येच्या पुस्तकानें सुटलेले नव्हते. तेथें भार स्थिर धरला होता. त्यानंतर मोठ्या पुलांच्या तुळयांस घडीव लोखंड वापरण्याकडे कल वाढला. दाब सोसावयाच्या खांबांसाठीं मात्र बीड पुढेंही कित्येक वर्षें वापरांत राहिलें.